दरवाजा मोटर उचलत नाही

न्यू जर्सीत घर घेताना तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरने गॅरेजमध्ये शिरल्या शिरल्या छतावरून लोंबणारी लाल दोरी खेचली. खट्ट आवाज झाला. मग तो वाकला आणि सोळा फूट रुंदीचा पोलादी दरवाजा त्याने दोन बोटांनी उचलायला घेतला. कमरेइतका वर आणला आणि हात काढून घेतला. दरवाजा जिथल्या तिथे राहिला. ना वर गेला, ना खाली आला. "हा बरा आहे," म्हणत तो वॉटर हीटरकडे वळला.

तोवर माझी पक्की समजूत होती की छताला टांगलेली मोटर दरवाजा उचलते. बटण दाबलं की घुर्र आवाज येतो, साखळी फिरते, दरवाजा वर जातो. दुसरं कोण उचलणार? पण दोन गाड्यांच्या गॅरेजचा, आत थर्मोकोलसारखा थर असलेला दरवाजा ७० ते १०० किलोच्या घरात जातो. तो माणूस काही पैलवान नव्हता. त्याच्या बोटांच्या आधीच कुणीतरी ते वजन पेलून धरलं होतं.

त्या उन्हाळ्यात बाबा सांगलीहून आले. गॅरेजमध्ये उभे राहून वर बघत म्हणाले, "अगं, ही तर आपल्या दुकानाच्या शटरची स्प्रिंग. फक्त बाहेर काढून ठेवलीय." आमचं भांड्यांचं दुकान होतं. सकाळी कुलूप काढून शटर वर सारायचं, रात्री आकड्याने ओढून खाली आणायचं, हे मी लहानपणापासून बघत आले. वरच्या पत्र्याच्या खोक्यात काय आहे ते मात्र कधी बघितलं नव्हतं. बाबांनी बघितलं होतं, कारण ती स्प्रिंग गेली की शटर उचलायला शेजारच्या दुकानातली दोन पोरं बोलवावी लागायची.

इथल्या मराठी घरांत गॅरेजच्या दरवाजाबद्दल ठरलेले प्रश्न निघतात. कुठला घ्यावा, मोटर केवढी हवी, तेल कशाला लावायचं, हिवाळ्यात आवाज का वाढतो. या सगळ्यांची वाट बाबांच्या त्या वाक्यातून जाते, म्हणून आधी स्प्रिंग.

वर बघा

दरवाजा बंद करा आणि आतून त्याच्यासमोर उभे राहा. दरवाजाच्या डोक्यावर एक आडवा लोखंडी दांडा दिसेल. त्यावर एक किंवा दोन जाड, घट्ट वेटोळ्यांच्या स्प्रिंगा असतात. दांड्याच्या दोन्ही टोकांना कप्पीसारखे ड्रम असतात. ड्रमवरून पोलादी केबल खाली उतरते आणि दरवाजाच्या अगदी तळाच्या कोपऱ्यात अडकवलेली असते. दरवाजा खाली येतो तशी केबल सुटते, ड्रम फिरतो, त्याच्याबरोबर दांडा फिरतो आणि स्प्रिंगला पीळ बसतो. दरवाजा वर जाताना हाच पीळ सुटतो आणि केबल ओढून घेतो. आदल्या रात्री दरवाजा खाली येताना त्याचं वजन जी ताकद देऊन गेलं, ती स्प्रिंगने रात्रभर सांभाळून सकाळी परत केली, इतका हा साधा हिशेब आहे.

आकडेही सरळ आहेत. नेहमीच्या ड्रमचा व्यास ४ इंच, म्हणजे घेर साडेबारा इंचांच्या आसपास. ७ फूट म्हणजे ८४ इंच उंचीच्या दरवाजाला ड्रमचे पावणेसात फेरे लागतात. पूर्ण वर गेल्यावरही केबल ढिली पडून ड्रमवरून घसरू नये म्हणून थोडा पीळ राखून ठेवावा लागतो. त्यामुळे कारागीर अशा दरवाजाची स्प्रिंग साधारण साडेसात फेरे पिळतो.

मला यातला सगळ्यात देखणा भाग पुढचा वाटतो. दरवाजा वर जाईल तसा पीळ उतरतो, म्हणजे स्प्रिंगचा जोरही उतरतो. मग अर्ध्या वाटेवर ती दमायला हवी. पण दरवाजा एकसंध नसतो. चार-पाच आडवी पॅनलं बिजागऱ्यांनी जोडलेली असतात. वरचं पॅनल वळणावरून छताजवळच्या आडव्या ट्रॅकवर गेलं की त्याचं ओझं ट्रॅक घेतो. जेवढं लोंबतं, तेवढंच स्प्रिंगला ओढायचं. इकडे ओझं घटतं, तिकडे जोर घटतो, आणि दोन्ही हातात हात घालून वर पोचतात. दुकानाच्या शटरचंही तेच. गुंडाळल्या गेलेल्या पट्ट्यांचा भार दांड्यावर जातो, खाली लोंबतात तेवढ्याच पट्ट्या स्प्रिंगच्या वाट्याला येतात.

मग मोटर काय करते? ढकलायला सुरुवात करते आणि योग्य जागी थांबवते. घरोघरी दिसणारी अर्ध्या अश्वशक्तीची मोटर म्हणजे पावणेचारशे वॅट. सासूबाईंनी येताना बॅगेत घालून आणलेला आपला मिक्सर याहून दमदार असतो.

हे एकदा डोक्यात बसलं की एक नेहमीचा फसवा खर्च टळतो. मोटर कण्हायला लागते, दरवाजा अर्ध्यावर थांबतो, आणि आपण नवी मोटर आणतो. बऱ्याचदा दोष म्हाताऱ्या झालेल्या स्प्रिंगचा असतो. ती आपला वाटा उचलत नाही म्हणून मोटरच्या आतली दातेरी चाकं झिजतात, ती अनेक मोटरींमध्ये प्लास्टिकची असतात. स्प्रिंग न बदलता नवी मोटर बसवली तर तिचीही तीच गत होते.

काही जुन्या घरांत दरवाजावर आडवी स्प्रिंग नसते. त्याऐवजी दोन्ही बाजूंच्या आडव्या ट्रॅकला समांतर दोन लांब स्प्रिंगा असतात आणि त्या पिळल्या जात नाहीत, ताणल्या जातात. तुमच्याकडे या असतील तर आज एक गोष्ट बघा. प्रत्येक स्प्रिंगच्या पोटातून एक बारीक केबल आरपार गेलेली आणि दोन्ही टोकांना बांधलेली आहे का? नसेल तर ताणलेली स्प्रिंग तुटल्यावर चाबकासारखी गॅरेजभर उडते. ती केबल बसवायला फार खर्च येत नाही.

दरवाजा निवडताना

दुकानात गेल्यावर आधी रंग आणि डिझाइन दाखवतात. तुमचं घर वसाहतीच्या असोसिएशनमध्ये असेल तर ते प्रकरण तसंही तुमच्या हातात नसतं. आपल्याकडच्या सोसायटीच्या कमिटीला हसणारे आम्ही, इथे दरवाजाचा बदामी रंग नेमका कुठला बदामी यावर तीन पत्रं लिहून बसलो. तेव्हा रंगाची परवानगी आधी घ्या आणि बाकीचं डोकं पुढच्या गोष्टींना लावा.

पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि आकडा उलटा चालतो. आकडा मोठा तेवढा पत्रा पातळ. २७ गेजचा पत्रा ०.४ मिलिमीटरच्या आसपास असतो, २४ गेजचा ०.६. बाबांना हे समजवावं लागलं नाही, कारण आपल्याकडे शटरवाल्याशीही घासाघीस गेजवरच होते. मात्र १८ गेजच्या, म्हणजे जवळजवळ सव्वा मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांची सवय असलेल्या बाबांनी इथला दरवाजा बोटाने दाबून बघितला आणि "हा तर डबा आहे" असा शेरा मारला. तो शेरा एका पत्र्याच्या स्वस्त दरवाजाला लागू पडतो. मुलाने मारलेला बास्केटबॉल अशा दरवाजावर कायमची आठवण ठेवतो. बाहेर पत्रा, मध्ये फोम आणि आत पुन्हा पत्रा अशा तीन थरांच्या दरवाजाला त्या सँडविचमुळेच ताठपणा येतो. त्यात पत्रा थोडा पातळ असला तरी चालून जातं.

आता उष्णतारोधक थर. विक्रेता 'आर-व्हॅल्यू' नावाचा आकडा सांगतो. जितका मोठा, तितकी उष्णता कमी निसटते. इथे थोडं गणित करायला हवं, कारण आकडा दुप्पट झाला की फायदा दुप्पट होत नाही. आर ६ च्या दरवाजातून १०० एकक उष्णता निसटत असेल, तर आर १२ मधून ५० निसटते आणि आर १८ मधून ३३. पहिल्या उडीत ५० वाचले, दुसऱ्या तेवढ्याच महाग उडीत १७. शिवाय पत्रकात छापलेला आकडा बहुधा पॅनलच्या मध्यभागाचा असतो. सांधे, कडा आणि तळाची फट यांतून जे जातं ते त्यात धरलेलं नसतं. गॅरेज घराला चिकटून असेल आणि वर बेडरूम असेल तर मधला थर घ्याच. गॅरेज अंगणात सुटं उभं असेल, त्यात हीटर नसेल आणि फक्त गाडी नि गवत कापायचं यंत्र राहत असेल, तर मोठ्या आर-व्हॅल्यूला पैसे मोजून काय गरम ठेवणार?

फ्लोरिडा आणि टेक्सासच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे सगळं बाजूला ठेवून आधी वाऱ्याचं बघावं. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडा उद्ध्वस्त केला, तेव्हा कितीतरी घरांचा पहिला घाव गॅरेजच्या दरवाजावर पडला होता. घराच्या भिंतीतलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लवचीक भोक तेच. दरवाजा आत कोसळला की वारा घरात घुसतो आणि छताला आतून वर ढकलतो. त्याच वेळी बाहेरून जाणारा वारा छताला वर ओढत असतो. दोन्ही मिळून छप्पर उडतं. त्यानंतर तिथले बांधकामाचे नियम कडक झाले आणि वाऱ्याच्या दाबाची चाचणी पार केलेले, आतून आडव्या पोलादी पट्ट्यांनी बळकट केलेले दरवाजे आले. किनाऱ्यावर घर असेल तर तुमच्या भागाला किती दाबाचा दरवाजा लागतो हे स्थानिक बांधकाम खात्याला विचारूनच खरेदी करा.

या सगळ्या निवडींचा हिशेब शेवटी स्प्रिंगपाशी येतो. जाड पत्रा, फोम, पोलादी पट्ट्या, काचेच्या खिडक्या, लाकडी आवरण, प्रत्येक गोष्ट वजन वाढवते. स्प्रिंग त्या नेमक्या दरवाजाच्या वजनासाठी निवडलेली असते. नवा जड दरवाजा आणि जुनी स्प्रिंग हा जोडा कधी लावू देऊ नका, कारागीर "चालून जाईल" म्हणाला तरी. घरीच फोमचे तुकडे चिकटवायची किट मिळतात, त्यानेही दरवाजा काही किलोंनी जड होतो. ते केलंत तर पुढे सांगितलेली तोलाची परीक्षा लगेच घ्या.

स्प्रिंग विकत घेताना वयही विचारा. साधी स्प्रिंग सुमारे १०,००० फेऱ्यांसाठी बनवलेली असते. एकदा उघडून बंद केलं की एक फेरी. सकाळी दोघं वेगवेगळ्या वेळी बाहेर, संध्याकाळी दोघं परत, म्हणजे दिवसाला ४. वर्षाला १,४६०. सात वर्षांच्या आत स्प्रिंगचे दिवस भरतात. मुलं सायकल काढायला गॅरेजमधूनच जात असतील तर त्याहून लवकर. थोडी जाड तार आणि जास्त लांबी घेतली की हीच स्प्रिंग २०,००० किंवा त्याहून जास्त फेऱ्या टिकते. कारागीर एरवीही येणार, पिळायची मजुरी तीच लागणार, तेव्हा वरचे थोडे डॉलर इथे घालवावेत असं माझं स्पष्ट मत आहे. खिडक्यांच्या नक्षीत तेवढे वाचवा.

मोटरचं थोडक्यात

दरवाजा तोलात असेल तर मोटरीच्या ताकदीवरून फार डोकेफोड करू नये. फरक पडतो तो आवाजात. साखळीवर चालणारी मोटर स्वस्त, टिकाऊ आणि खडखडाटी. पट्ट्यावर चालणारी शांत, म्हणून वर झोपायची खोली असेल तर तीच घ्या. तिसरी भिंतीवर, दांड्याच्या टोकाला बसते आणि थेट दांडाच फिरवते. छत मोकळं राहतं. पण ती फक्त पिळाच्या स्प्रिंगवाल्या दरवाजाला चालते, कारण ताणाच्या स्प्रिंगवाल्याला फिरवायला तसा दांडाच नसतो.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून नव्या घरगुती मोटरीत बॅटरी असणं सक्तीचं आहे. २०१७ च्या वणव्यांमध्ये वीज गेली, गॅरेज उघडता आलं नाही आणि काही जण आत अडकून दगावले. त्यातून हा कायदा आला. दुसऱ्या राज्यात असलात तरी घरात वयस्कर माणसं असतील तर बॅटरीची मोटर घ्या. आणि आई-बाबा भारतातून आले की पहिल्याच आठवड्यात त्यांना ती लाल दोरी दाखवून ठेवा. खेचली की मोटर सुटते आणि दरवाजा हाताने उचलता येतो. एकच अट, दोरी शक्यतो दरवाजा बंद असताना खेचायची. उघड्या दरवाजाची स्प्रिंग तुटलेली असेल आणि दोरी खेचली, तर शंभर किलो सरळ खाली येतं.

महिन्याला दहा मिनिटं

दरवाजाच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून ६ इंचांपेक्षा खाली, दोन छोटे डोळे असतात. एकातून अदृश्य किरण निघतो, दुसरा तो झेलतो. मध्ये काही आलं तर खाली येणारा दरवाजा उलटा फिरतो. मुलं दरवाजाखाली चिरडल्याच्या घटनांनंतर अमेरिकेत १९९० साली कायदा झाला आणि १९९३ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक घरगुती मोटरीला अशी जादा सुरक्षा द्यावी लागली. ६ इंचांची अट रांगत्या बाळासाठी आहे. "सारखा उलटा फिरतो" म्हणून हे डोळे वर छताजवळ एकमेकांसमोर बांधून ठेवणारी माणसं मी बघितली आहेत. त्यांच्या घरी मी गाडी गॅरेजमध्ये लावत नाही.

सारखा उलटा फिरत असेल तर कारण बहुधा फुटकळ असतं. कोळिष्टक, धूळ, झाडूचा धक्का लागून तिरका झालेला डोळा, किंवा संध्याकाळी ठरावीक वेळी थेट डोळ्यात जाणारं ऊन. पुसा, सरळ करा, दिवा लुकलुकायचा थांबला की झालं. तोवर दरवाजा बंद करायचाच असेल तर भिंतीवरचं बटण दरवाजा टेकेपर्यंत दाबून धरा. मात्र तेवढा वेळ नजर दरवाजावर हवी. हे भिंतीवरचं बटणही मुलांच्या हाताला न लागेल असं, निदान ५ फूट उंचावर हवं.

महिन्यातून एकदा दोन परीक्षा. दरवाजा खाली येताना डोळ्यांसमोर झाडू धरा, दरवाजा लगेच वर फिरला पाहिजे. मग दरवाजाच्या वाटेत मधोमध दीड इंच जाडीची लाकडी फळी आडवी ठेवा. दरवाजा तिला टेकला की दोन सेकंदांच्या आत परत वर जायला हवा. गेला नाही तर मोटरचा जोर चुकीचा लावलेला आहे. तो कसा कमी करायचा हे मोटरीच्या पुस्तिकेत असतं. कमी करूनही जमलं नाही तर वापर थांबवून माणूस बोलवा.

तोलाची परीक्षा म्हणजे इन्स्पेक्टरने केलेली तीच. दर तीन-चार महिन्यांनी. दरवाजा बंद, लाल दोरी खेचायची, हाताने कमरेइतका उचलायचा आणि सोडायचा. जागेवर राहिला तर छान. हळूहळू खाली बसला तर स्प्रिंग थकलीय. स्वतःहून वर धावला तर पीळ जास्त झालाय. उचलतानाच जीव जात असेल तर पुढे काही न करता फोन लावा.

तेलपाणी वर्षातून दोनदा पुरतं, थंडीच्या आधी आणि नंतर. सिलिकॉन किंवा लिथियम ग्रीसचा फवारा घ्या. निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० नावाचा जो प्रसिद्ध फवारा इथे प्रत्येक घरात असतो, तो गंज सोडवायला आणि ओल हटवायला उत्तम. वंगण म्हणून तो टिकत नाही, उलट असलेलं ग्रीस धुऊन नेतो. बिजागऱ्यांच्या सांध्यात, रोलरच्या बेअरिंगमध्ये, दांड्याच्या टोकांच्या बेअरिंगमध्ये आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यांवर हलका हात फिरवा. स्प्रिंगवर तेलाचा पातळ थर असला की गंज धरत नाही आणि कुरकुर थांबते. ट्रॅकला मात्र काही लावू नका. रोलरने ट्रॅकमध्ये फिरायचं असतं, घसरायचं नसतं. तिथे ग्रीस लावलं की धूळ चिकटून लगदा होतो. ट्रॅक नुसता फडक्याने पुसायचा. लोखंडी रोलर खडखडत असतील तर नायलॉनचे बसवून घ्या. माझ्या मते एवढ्या थोड्या पैशांत घरातला आवाज इतका कमी करणारी दुसरी गोष्ट नाही.

आमच्याकडे बर्फाच्या दिवसांत रस्त्यांवर मीठ टाकतात. गाडीखाली चिकटलेलं ते मीठपाणी गॅरेजमध्ये ठिबकतं आणि दरवाजाच्या तळाशी साचतं. केबल सगळ्यात आधी तिथेच, तळाच्या कोपऱ्याजवळ कुजते. रत्नागिरीत समुद्राजवळच्या दुकानांच्या शटरची खालचीच पट्टी आधी सडते, त्याच जातीचं दुखणं. टॉर्च मारून बघा. केबलचे बारीक तंतू ब्रशसारखे बाहेर आलेले दिसले की तिचे दिवस भरले. आणि तळाचं रबर रात्री फरशीला गोठून चिकटलं असेल तर बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. रबर फाटतं किंवा मोटर. आधी कडेकडेने बर्फ फोडा.

कशाला हात लावायचा नाही

बिजागऱ्यांचे आणि ट्रॅकच्या पट्ट्यांचे ढिले झालेले बोल्ट पान्याने आवळणं ठीक. रोज थरथरणाऱ्या दरवाजाचे ते सुटतातच. पण दोन जागा सोडून. एक, तळाच्या कोपऱ्यातला ब्रॅकेट, जिथे केबल अडकवलेली असते. दोन, स्प्रिंगच्या टोकाच्या शंकूवरचे स्क्रू. दोन्हींवर अख्ख्या दरवाजाचा ताण असतो. तो स्क्रू ढिला केला की साडेसात फेऱ्यांचा पीळ एका क्षणात सुटतो आणि हातातला पाना पंख्यासारखा फिरतो. कारागीर यासाठी नेमक्या मापाचे दोन पोलादी गज वापरतो, एक अडकवून दुसरा काढतो. व्हिडिओ बघून, गजाऐवजी स्क्रूड्रायव्हर खुपसून हे करणाऱ्यांची बोटं आणि मनगटं मोडली आहेत. गवताचं यंत्र स्वतः उघडून दुरुस्त करणाऱ्या हौशी माणसांनाही मी इथे हात जोडून थांबवते.

स्प्रिंग तुटते तेव्हा गोळी झाडल्यासारखा आवाज होतो, बहुतेक कडाक्याच्या थंडीत. वर बघितलं की वेटोळ्यांच्या मध्ये दोनेक इंचांची फट दिसते. मोटर चालवू नका. गाडी आत अडकली असेल तर दोन-तीन धडधाकट माणसांनी मिळून दरवाजा उचलायचा, खाली भक्कम टेकू लावायचा, गाडी काढायची आणि दरवाजा परत खाली ठेवायचा. दोन स्प्रिंगांपैकी एक गेली तर दोन्ही बदला. दुसरीच्याही तेवढ्याच फेऱ्या झालेल्या असतात.

याच घाईच्या वेळी लूट होते. आमच्या ओळखीतल्या एका घरी "भेट फक्त २९ डॉलर" अशा जाहिरातीवरून माणूस आला. स्प्रिंग तुटली होती, त्याने ड्रम, केबल, रोलर, बेअरिंग सगळं "खतऱ्यात" दाखवलं आणि हजारावर डॉलरचं बिल लावलं. वर "आजीवन हमी" दिली. ती हमी फक्त स्प्रिंगच्या तुकड्याची निघाली, मजुरी दर वेळी वेगळी. बोलवायच्या आधी फोनवरच विचारा: स्प्रिंग किती फेऱ्यांची, दोन्हींचे मजुरीसह एकूण किती, आणि दरवाजाचं वजन मोजणार का? शेवटच्या प्रश्नाला "गरज नाही" असं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा. चांगला कारागीर स्प्रिंगचा ताण काढल्यावर दरवाजाखाली साधा वजनकाटा ठेवून बघतो, किंवा जुन्या स्प्रिंगच्या तारेची जाडी, आतला व्यास आणि लांबी मोजून हिशेब करतो.

आणि आपल्याकडचं शटर

पुण्या-कोल्हापुरात बंगल्याच्या पार्किंगला शटर लावणाऱ्यांना यातलं बरंच काही तसंच लागू पडतं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या तपशिलात हाताने वर-खाली करायच्या शटरची हद्द १० चौरस मीटर धरलेली आहे. त्याच्या पुढे साखळी आणि गिअरची व्यवस्था लागते. एका गाडीचं ९ बाय ७ फुटांचं शटर ६ चौरस मीटरच्या आत बसतं, हाताने आरामात चालतं. दोन गाड्यांसाठी १६ बाय ७ केलंत की १०.४ होतात, म्हणजे हद्दीबाहेर. तिथे "स्प्रिंग वाढवून देतो, हातानेच चालेल" म्हणणाऱ्याचं न ऐकता साखळी किंवा मोटर घ्या, नाहीतर मध्ये खांब घालून दोन शटरं करा. दांड्याला बॉल बेअरिंग मागा. आणि शटर जड लागायला लागलं की गाईडमध्ये ग्रीस ओतण्याआधी वरचं खोकं उघडून स्प्रिंगा मोजायला लावा. दांड्यावर एकाहून जास्त असतात, त्यातली एक गेली तरी शटर चालत राहतं, फक्त घरातल्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना उचलवत नाही. बाबा सांगतात, आमच्या दुकानात वर्षभर सगळे शटरला शिव्या देत होते आणि तीनपैकी एक स्प्रिंग आत तुटून पडलेली होती.

आमच्या न्यू जर्सीच्या स्प्रिंगा मागच्या फेब्रुवारीत बदलल्या, २०,००० फेऱ्यांच्या घेतल्या. कारागिराने जाताना दरवाजाच्या आतल्या बाजूला काळ्या मार्करने तारीख, तारेची जाडी आणि दरवाजाचं वजन लिहून ठेवलं: ८६ किलो. बाबांनी त्याखाली मराठीत एक ओळ वाढवली आहे, तेल ऑक्टोबर आणि एप्रिल.